शाळेसमोरच्या पदपथासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात जागा कशी मिळवायची?

वाचकाचं पत्र:

आम्ही पुण्यात राहतो. आमच्या भागातल्या शाळेसमोरच्या रस्त्याला पदपथ नाही. सकाळी मुलं रिक्षा आणि टेम्पोंच्या मधून वाट काढत जातात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग’ हा महापालिकेचा फॉर्म आम्ही पाच-सहा जणींनी भरला. ‘शाळेजवळचा रस्ता सुरक्षित करावा’ असं त्यात लिहिलं होतं. पुढे काहीच झालं नाही. चौकशी केली तेव्हा एकानं सांगितलं, ‘तुमचं काम बसलं नाही.’ दुसरा म्हणाला, ‘बसलं होतं, पण पैसे वळवले.’ यंदा पुन्हा फॉर्म भरावा का? सह्या किती लागतात? आता नगरसेवक आले आहेत, त्यांच्याकडे जावं का? गेलो तर काम त्यांच्या नावावर जाईल अशी काही जणींना भीती वाटते. आणि एवढं करूनही काम बसलं नाही तर?

उत्तर:

ताई,

फॉर्म यंदाही भराच. पण त्याआधी मागच्या वेळी नेमकं काय झालं ते शोधून काढा, कारण तुम्हाला मिळालेल्या दोन उत्तरांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. ‘काम बसलं नाही’ म्हणजे सूचना छाननीतच गळली, अंदाजपत्रकापर्यंत पोचलीच नाही. ‘पैसे वळवले’ म्हणजे काम अंदाजपत्रकात आलं होतं, त्याच्यासमोर रक्कमही होती, आणि वर्ष चालू असताना ती रक्कम दुसऱ्या कामाला दिली गेली. महापालिकेत याला वर्गीकरण म्हणतात. पहिल्या दुखण्यावर उपाय फॉर्म नीट लिहिण्यात आहे. दुसऱ्यावर उपाय एकच: काम मंजूर झाल्यानंतर एप्रिल ते मार्च असा पूर्ण वर्षभर पाठपुरावा.

शोधायचं असं. तुमचा ऑगस्ट २०२४ चा फॉर्म २०२५-२६ च्या अंदाजपत्रकासाठी होता. महापालिकेच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रकाची पीडीएफ मिळते. नागरिकांच्या सहभागातून आलेल्या कामांमध्ये तुमचं क्षेत्रीय कार्यालय, म्हणजे वॉर्ड ऑफिस, आणि तुमचा प्रभाग शोधा. मराठी शब्द टाकून शोधलं तर पुष्कळदा पीडीएफमध्ये काहीच सापडत नाही, म्हणून पानं डोळ्यांनीच चाळा. काम दिसलं तर त्याचा संकेतांक, म्हणजे अंदाजपत्रकातला त्या कामाचा क्रमांक, आणि रक्कम वहीत उतरवून घ्या. दिसलं नाही तर छाननीत गळलं, असं धरून चाला.

तुमच्या फॉर्मवरचं वाक्य पाहता छाननीत गळल्याचीच शक्यता जास्त वाटते. त्यात तुमचा दोष नाही. फॉर्मवर ‘सूचना’ असं लिहिलेलं असतं, म्हणून माणूस सूचना लिहितो. पण आलेले फॉर्म जातात त्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्याकडे, आणि त्याला प्रत्येक फॉर्मबद्दल ठरवायचं असतं ते एवढंच: हे काम क्षेत्रीय कार्यालयाच्या अखत्यारीत येतं का, जागा महापालिकेच्या ताब्यात आहे का, आणि खर्च किती येईल. ‘रस्ता सुरक्षित करावा’ यावरून खर्च काढता येत नाही. पदपथ करायचा, गतिरोधक घालायचा, दिवे लावायचे, पट्टे मारायचे, बस थांबा सरकवायचा की रिक्षा थांबा? यातलं प्रत्येक काम वेगळ्या खात्याचं आहे. पदपथ पथ विभागाचा, दिवे विद्युत विभागाचे, बस थांब्यासाठी पीएमपीएमएलला, म्हणजे शहर बस चालवणाऱ्या कंपनीला, विचारावं लागतं आणि गतिरोधकाला वाहतूक पोलिसांची संमती लागते. हाताशी शेकडो फॉर्म आणि थोडे दिवस असताना अभियंता असा फॉर्म बाजूला ठेवतो.

म्हणून यंदा सूचना लिहू नका, काम लिहा. कुठून कुठपर्यंत, कोणत्या बाजूला, किती लांब, किती रुंद, आणि त्यात काय काय येतं, हे सगळं फॉर्मवर आलं पाहिजे.

त्यासाठी फॉर्म हातात येण्याआधी जागेवर जा. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात आणि मुदत थोडी असते, म्हणून ही पाहणी जुलैमध्येच उरकलेली बरी. दोघी-तिघी पुरतात. सोबत तीस मीटरची टेप, वही आणि मोबाइल घ्या. शाळा भरताना आणि सुटताना, दोन्ही वेळी जा. अर्ध्या तासात किती मुलं पायी जातात ते मोजा, वेळ आणि वार लिहा. मग रस्ता मोजा. एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत, निदान पाच ठिकाणी. रुंदी सगळीकडे सारखी नसते आणि जिथे ती सगळ्यात कमी भरते तिथेच काम अडतं. मध्ये येणारी प्रत्येक वस्तू टिपून ठेवा: विजेचा खांब, महावितरणची पेटी, झाड, ड्रेनेजचं चेंबर, सोसायटीचं फाटक. टेप जमिनीवर पसरून फोटो काढा, म्हणजे अंतर फोटोतच दिसतं.

पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मानकातला हा आकडा आहे. मोकळी म्हणजे खांब, पेटी, झाड सोडून उरलेली. १.८ मीटरच्या पदपथाच्या मधोमध खांब असेल तर मूल त्या जागी रस्त्यावरच उतरणार. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःचं पादचारी धोरण मंजूर केलेलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा, कारण आपण मागतोय ते महापालिकेनेच मान्य केलेलं आहे, हे त्यातून कागदावर येतं.

‘रस्ता अरुंद आहे, पदपथ बसणार नाही’ हे उत्तर तुम्हाला मिळेल. तेव्हा तुमची मोजमापं पुढे करा. समजा रस्ता १२ मीटरचा आहे. एका बाजूला १.८ मीटर दिले तरी १०.२ मीटर उरतात आणि दोन्ही दिशांच्या वाहनांना तेवढे पुरतात. अडचण बहुतेक वेळा रुंदीची नसते, कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांची असते. पदपथ झाला की त्या गाड्यांची जागा जाते, आणि विरोध तिथून होतो. म्हणून त्या बाजूच्या दुकानदारांशी आणि सोसायट्यांशी फॉर्म भरण्याआधी बोला. काम सुरू झाल्यावर झालेला विरोध काम थांबवतो. आधी झालेलं बोलणं फार तर आराखड्यात एक बदल करायला लावतं. तिथे पथारीवाले बसत असतील तर त्यांच्याशीही बोला. पथविक्रेत्यांना २०१४ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना हटवा असं फॉर्मवर लिहिलंत तर तुमचं काम वेगळ्याच वादात अडकेल. पदपथाची चालण्याची पट्टी मोकळी सोडून त्यांची जागा कुठे राहील, हे नकाशावर दाखवलंत तर तेच लोक तुमच्या अर्जावर सही करतील.

आता जागेची मालकी. सूचना गळण्याचं हे मोठं कारण आहे आणि नागरिकांना ते शेवटपर्यंत कळत नाही. सोसायटीचा अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल, तर त्यावर महापालिका खर्च करू शकत नाही. विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवलेला असतो, पण कडेची पट्टी अजून खासगी मालकाच्या ताब्यात असते. तिथे पदपथ होणार नाही. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत महापालिकेचा हात पोचत नाही. तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा: ‘शाळेसमोरचा हा रस्ता विकास आराखड्यात किती मीटरचा आहे आणि त्यातला किती महापालिकेच्या ताब्यात आहे?’ उत्तर तोंडी मिळालं तर त्याच दिवशी पत्र लिहून लेखी मागा. पट्टी ताब्यात नसेल तर पदपथ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला मागा.

त्याच भेटीत आणखी एक विचारा: येत्या वर्ष-दोन वर्षांत या रस्त्यावर खोदाई ठरलेली आहे का? समान पाणीपुरवठा योजनेची जलवाहिनी, ड्रेनेजची लाइन, वीज किंवा केबलची खोदाई, यातलं काही असेल तर आधी ते होऊ द्या. नाहीतर नवा पदपथ सहा महिन्यांत उखडला जातो आणि दुरुस्ती कोणी करायची यावर दोन खाती भांडत बसतात.

मग येतो खर्च. पूर्वगणनपत्रक, म्हणजे इस्टिमेट, अभियंताच करतो. कामाची परिमाणं मात्र तुम्ही देऊ शकता आणि त्याने फार फरक पडतो. तुमचा पदपथ १२० मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद धरू. क्षेत्रफळ झालं २१६ चौरस मीटर, तेवढे पेव्हर ब्लॉक. खाली दहा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर धरला तर २१.६ घनमीटर काँक्रीट. रस्त्याच्या कडेने कर्ब स्टोन, म्हणजे कडेचे उभे दगड, १२० मीटर. वर उचलून पातळीत आणायची चेंबरं किती, फाटकांसमोर उतार किती ठिकाणी, हेही लिहा. दर अभियंता दरसूचीतून, म्हणजे ठरलेल्या दरांच्या यादीतून, लावतो. आकडे आयते मिळाले की तुमच्या कामाचं इस्टिमेट त्याला लवकर करता येतं, आणि ज्यांचं इस्टिमेट झालेलं असतं तीच कामं पुढच्या यादीत जातात.

या उपक्रमात एका कामाला मर्यादा असते. पुष्कळ वर्षं ती ५ लाख रुपये राहिली आहे, प्रभागालाही एकूण मर्यादा असते. यंदाच्या जाहीर सूचनेतले आकडे पाहूनच लिहा. जीएसटी त्या मर्यादेत धरतात का, तेही विचारून घ्या. अशा कामांवर १८ टक्के जीएसटी लागतो. ५ लाखांत तो धरला तर प्रत्यक्ष कामाला सुमारे ४ लाख २४ हजारच उरतात. काम मर्यादेबाहेर जात असेल तर लांबी कमी करा, रुंदी कमी करू नका. सव्वा मीटरचा लांबलचक पदपथ कोणी वापरत नाही. शाळेच्या फाटकापासून पहिल्या चौकापर्यंतचा पूर्ण रुंदीचा तुकडा मात्र पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो, आणि पुढच्या वर्षी पुढचा टप्पा मागता येतो. एकच काम त्याच वर्षी तीन फॉर्मांवर तीन तुकडे करून मागू नका. एका कामाचे असे तुकडे पाडण्यावर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून अभियंतेही त्याला तयार होत नाहीत.

फॉर्मवरचा मजकूर साधारण असा असू द्या:

‘शाळेच्या मुख्य फाटकापासून चौकातील बस थांब्यापर्यंत, रस्त्याच्या डाव्या बाजूने, १२० मीटर लांब व १.८ मीटर मोकळ्या रुंदीचा पदपथ करणे. कर्ब स्टोनची उंची १५ सेंमीपेक्षा जास्त नसावी. तीन फाटकांसमोर व दोन्ही टोकांना १:१२ प्रमाणात उतार करणे. दोन ड्रेनेज चेंबरची झाकणे पदपथाच्या पातळीत आणणे. पदपथावर मध्ये खांब येऊ नये म्हणून एक पथदिवा कडेला हलवणे. सोबत हाताने काढलेला नकाशा, पाच ठिकाणची मोजमापे व फोटो जोडले आहेत.’

चाकाची खुर्ची आणि बाबागाडी यांच्यासाठी १:१२ चा उतार लागतो. १५ सेंटिमीटर उंचीला तो १.८ मीटर लांब होतो. एवढी जागा फाटकासमोर आहे का, हे मोजतानाच पाहून ठेवा. पथदिवा हलवण्याचं काम विद्युत विभागाचं असलं तरी ते फॉर्मवर आत्ताच लिहा. नंतर आठवण केली तर ‘या कामात ते नव्हतं’ म्हणतात आणि खांब पदपथाच्या मधोमध राहतो.

गतिरोधकही मागायचा मोह होईल. तो वेगळा फॉर्म करा, पदपथाबरोबर जोडू नका. त्याची परवानगी अडली तर पदपथही अडकेल. मागायचाच तर मापासकट मागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंमी उंच असतो. गल्लोगल्ली दिसणारे अरुंद उंचवटे त्या मापात बसत नाहीत. दुचाकीवाले त्यांच्यावरून पडतात, पाठीचं दुखणं असलेल्यांचे हाल होतात, आणि मग तक्रारी आल्या की तेही काढून टाकतात. शाळेसमोर पदपथाच्या पातळीचं उंच पादचारी क्रॉसिंग मिळालं तर ते जास्त चांगलं, मुलांना ओलांडायची जागाही ठरून जाते.

खड्डा, बंद दिवा, तुटलेलं झाकण यांसाठी हा फॉर्म खर्ची घालू नका. ती तक्रार पीएमसी केअरवर, म्हणजे महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर, नोंदवा. देखभालीला वेगळे पैसे असतात.

सह्यांबद्दल विचारलंत. फॉर्म एका माणसाचाही चालतो. पण चाळीस घरांनी चाळीस वेगळ्या सूचना देण्यापेक्षा एका कामाच्या मागे चाळीस सह्या असणं केव्हाही चांगलं. सह्या नेमक्या कोणाच्या, यालाही महत्त्व आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघाचा ठराव, त्या बाजूच्या सोसायट्यांची संमती, रिक्षा थांब्यावरच्या चालकांच्या सह्या. ज्या वस्तीतली मुलं पायी येतात त्या वस्तीतल्या पालकांच्या सह्या आवर्जून घ्या. ऑनलाइन फॉर्म भरणारे बहुतेक सोसायट्यांमधले असतात, आणि या पदपथाची गरज सगळ्यात जास्त आहे ती माणसं फॉर्मपर्यंत पोचतच नाहीत. फॉर्म ऑनलाइन भरलात तरी त्याची एक प्रत नकाशा-फोटोंसह क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या प्रत्येक पत्रात तो क्रमांक लिहायचा.

नगरसेवकांकडे जा, नक्की जा. २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं पुण्यात प्रशासक होते. तुमचा मागचा फॉर्म त्याच काळातला, तेव्हा निर्णय अधिकारीच घेत. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक आले आहेत, म्हणजे एका प्रभागाला चार, एका ठिकाणी पाच. छाननीतून आलेल्या यादीतून कोणती कामं घ्यायची, हे क्षेत्रीय कार्यालयाच्या पातळीवर प्रभाग समितीत ठरतं आणि त्या समितीत हेच नगरसेवक बसतात. त्यांना टाळून काम होणार नाही. चौघांनाही एकच पत्र, एकाच दिवशी द्या आणि चौघांची पोच घ्या. एकाकडेच गेलात तर ते काम त्याच्या गटाचं ठरतं आणि बाकीचे तिघं त्याकडे पाठ फिरवू शकतात. प्रभाग समितीत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. तुमच्याकडे ते नेमले आहेत का, विचारा. असतील तर त्यांनाही नकाशा द्या.

काम त्यांच्या नावावर जाईल, ही भीती सोडून द्या. फलकावर कोणाचं नाव आहे यामुळे मुलांना फरक पडत नाही. खरी काळजी वेगळी आहे. पुण्यातल्या या उपक्रमावर टीका झाली आहे ती अशी, की नागरिकांच्या यादीत नगरसेवकांच्याच आवडीची कामं शिरतात: बाकडी, नामफलक, सोसायटीच्या दारातले ब्लॉक. नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांसाठी अंदाजपत्रकात वेगळी ‘स’ यादी असते. म्हणून भेटीत स्पष्ट बोला: ‘हा पदपथ नागरिकांच्या सहभागातून घ्या. तिथे बसत नसेल तर तुमच्या स यादीतून घ्या. पण मापं हीच ठेवा.’ कोणत्या यादीतून होतो याचा आग्रह धरू नका, मापांचा धरा.

प्रभाग समितीची बैठक कधी आहे ते क्षेत्रीय कार्यालयातून कळतं. त्या दिवशी दोन-तीन जणींनी तिथे हजर राहावं. बोलायला मिळेलच असं नाही, पण यादी वाचली जाते तेव्हा समोर माणसं असली की कामाचं नाव सहज वगळलं जात नाही.

पुढे आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला, म्हणजे पैशांचे निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांच्या समितीला, सादर करतात, स्थायी समिती त्यात फेरबदल करून सगळ्या नगरसेवकांच्या मुख्य सभेकडे पाठवते आणि १ एप्रिलपासून ते लागू होतं. काम त्यात आलं की बहुतेक गट समाधानाने घरी बसतात. तुमच्या कामाचे पैसे ‘वळवले’ गेले असतील तर ते याच टप्प्यानंतर. अंदाजपत्रकात रक्कम लिहिलेली असणं म्हणजे फक्त खर्चाची परवानगी. कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, निघेपर्यंत ती रक्कम कोणाच्याही नावे बांधलेली नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत निविदा निघाली नाही, तर ‘या कामाचे पैसे पडून आहेत’ असं म्हणून त्यावर डोळा ठेवला जातो, आणि डिसेंबर ते मार्चमध्ये वर्गीकरणाचे प्रस्ताव स्थायी समितीसमोर येऊ लागतात. खर्चच झाला नाही तर ३१ मार्चला ती तरतूद संपते.

तेव्हा वेळापत्रक असं धरा. एप्रिलमध्ये अंदाजपत्रकातला संकेतांक शोधून क्षेत्रीय कार्यालयाच्या महापालिका सहायक आयुक्तांना पत्र द्या आणि सविस्तर इस्टिमेट कधी होणार ते विचारा. पावसाळ्यात खोदाई बंद असते, पण कागद हलायला पावसाची अडचण नाही. निविदा त्याच काळात निघायला हवी. दिवाळीपर्यंत कार्यादेश हातात असावा, म्हणजे जानेवारीअखेर काम पुरं होतं. निवडणूक असेल तर आचारसंहितेत नवे कार्यादेश निघत नाहीत, ते महिने आधीच वजा करा. डिसेंबरपासून स्थायी समितीची कार्यपत्रिका दर आठवड्याला पाहा. तुमचा संकेतांक वर्गीकरणाच्या प्रस्तावात दिसला तर त्याच दिवशी चारही नगरसेवकांना आणि मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना पत्र गेलं पाहिजे. ठराव झाल्यावर लिहिलेल्या पत्राचा उपयोग होत नाही.

तोंडी उत्तरं जुळत नसतील, जशी तुम्हाला मिळाली, तर माहितीचा अधिकार वापरा. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत, जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तुमच्या जुन्या कामासाठी एवढं पुरेल:

‘२०२५-२६ च्या अंदाजपत्रकासाठी आवक क्रमांक ___ ने दिलेल्या सूचनेबाबत: १) छाननीतील शेऱ्याची प्रत. २) काम अंदाजपत्रकात घेतले असल्यास संकेतांक व तरतूद. ३) पूर्वगणनपत्रकाची व कार्यादेशाची प्रत. ४) वर्गीकरण झाले असल्यास संबंधित ठरावाची प्रत.’

‘का’ आणि ‘कधी करणार’ हे प्रश्न त्यात घालू नका. माहिती म्हणजे कागद; खुलासा देण्याचं बंधन नाही, आणि त्या एका प्रश्नामुळे सबंध अर्जाला उडवाउडवीचं उत्तर मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये.

काम सुरू झालं की पहिल्याच दिवशी टेप घेऊन जा. एकदा ब्लॉक बसले की खालचं काही दिसत नाही. काँक्रीटचा थर कागदावर दहा सेंमी आहे तर जागेवर दहा आहे का, आणि त्यावर पाणी मारलं जातंय का, ते पाहा. निदान सात दिवस पाणी हवं. मार्चअखेर बिलासाठी घाईत उरकलेली कामं इथेच फसतात. थर कच्चा राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात ब्लॉक खचतात. फाटकांसमोर गाड्या चढतात, तिथले ब्लॉक ८० मिमी जाडीचे मागा. पातळ ब्लॉक तिथे तुटतात आणि मग तुटलेला भाग चुकवत मुलं पुन्हा रस्त्यावर उतरतात. काही चुकत असेल तर मजुरांशी वाद घालू नका. फोटो काढून कनिष्ठ अभियंत्याला पाठवा आणि मागोमाग लेखी द्या. बिल मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींवरून निघतं. बिल निघण्याआधीची तक्रार ठेकेदाराला परत जागेवर आणते. बिल निघाल्यानंतरही दोष दायित्वाचा काळ असतो, त्यात दुरुस्ती त्यानेच करायची असते. तो किती महिन्यांचा आहे हे कार्यादेशावर पाहून ठेवा.

हे सगळं करताना एक प्रमाण लक्षात असू द्या. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. प्रभागामागे अगदी १ कोटी धरले तरी ४१ प्रभागांचे ४१ कोटी, म्हणजे अंदाजपत्रकाच्या एका टक्क्याचा साधारण तिसरा हिस्सा. मोठे रस्ते, पाणी, बस यांचा निर्णय या फॉर्मवर होत नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सहभागाची ही पद्धत रुजली, तेव्हा वस्तीवस्तीच्या सभांमधून शहराच्या गुंतवणुकीचा प्राधान्यक्रमच लोक ठरवत होते. आपल्याकडेही २००९ च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद कायद्यात आली आहे, पण ती प्रत्यक्षात भरवावी असा आग्रह फारसा कोणी धरत नाही. पदपथाच्या निमित्ताने जमलेल्या तुमच्या गटाने चारही नगरसेवकांना दिलेल्या पत्रात क्षेत्रसभेची मागणीही घालावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि एवढं करूनही काम बसलं नाही तर? तर न बसण्याचं कारण लेखी मागा. ‘निधीची मर्यादा’ असं कारण आलं तर तीच फाइल पथ विभागाच्या मुख्य खात्याकडे आणि स्थानिक विकास निधीसाठी आमदारांकडे द्या. नकाशा, मापं, सह्या तयार असल्यामुळे नव्याने काही करावं लागत नाही. ‘जागा ताब्यात नाही’ असं आलं तर दुसऱ्या बाजूचा नकाशा काढा. ‘खोदाई प्रस्तावित’ असं आलं तर ती कधी संपणार याची तारीख मागून घ्या आणि पुढच्या ऑगस्टच्या फॉर्मला ते पत्र जोडा.